ऑर्व्हलच्या डावीकडची जागा

ऑर्व्हल टीगबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. मला ते जमेल असं वाटत नाही. पण ओढ्याच्या काठावर वर्षानुवर्षं त्याच्या उजव्या हाताला मीच उभा होतो, म्हणून लिहितो.

आमच्या मिसुरीतल्या डोंगरगावात बुटांचा कारखाना होता. तिथे तो टाचा ठोकायचा. कारखाना बंद पडला आणि त्याच्याजवळ ट्राउट मासे पकडण्याखेरीज काही उरलं नाही. मार्चच्या पहिल्या तारखेला हंगाम उघडतो. हौदांत वाढवलेले मासे आदल्या रात्री ओढ्यात सोडतात, आणि भोंगा वाजेपर्यंत कुणी गळ टाकायचा नसतो. माणसं खांद्याला खांदा लावून थंडीत कुडकुडत थांबतात. जागा कुणाच्या नावावर नसते, पण बाप जिथे उभा राहायचा तिथेच मुलगा उभा राहतो. गळ टेकवायची दुबेळकी काठी रोवलेली दिसली की लोक तेवढी जागा मोकळी सोडतात.

ऑर्व्हल दोन काठ्या रोवायचा. डावीकडची त्याच्या मुलासाठी, रॉयससाठी.

ऑर्व्हलची बायको व्हेल्मा इस्पितळात होती त्या वर्षीची गोष्ट. तिला काही गिळवत नव्हतं. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, ताजा ट्राउट असला तर घासभर खाईन. भोंगा वाजल्याबरोबर ऑर्व्हलला मासा लागला. तेवढा घेऊन तो निघाला असता तर! पण पहिल्या दिवशी परवान्याइतके मासे पुरे केल्याशिवाय आमच्यात कुणी काठ सोडत नाही. त्यालाही सोडवला नाही. दोरीत ओवलेले मासे घेऊन तो पोचला तेव्हा चादर तिच्या तोंडावर ओढलेली होती. उशाशी बसलेल्या रॉयसने एकदा त्या माशांकडे पाहिलं आणि उठून गेला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नाही.

तरी ऑर्व्हल दर वर्षी दोघांपुरतं गळाला लावायचं पीठ मळायचा. चीज, मैदा, ठेचलेला लसूण, बडीशेपेचं तेल, आणि गळावरून सुटू नये म्हणून पिंजलेला कापूस. बाकी थाट साधाच. नायलॉनच्या तंगुशीत सरकतं शिसं, त्याला अडवायला एक कडी, कडीपुढे हातभर बारीक तंगूस आणि तिकाटी गळ. गोळ्यात मार्शमॅलो नावाच्या हलक्या मिठाईचा तुकडा दाबला की शिसं तळाला बसतं आणि गोळा शेवाळाच्या वर तरंगत राहतो. तोंडात घेतला तरी माशाला ओझं जाणवत नाही. रॉयसला हे सगळं त्यानेच शिकवलं होतं.

यंदा भोंग्याची वाट बघत असताना पलीकडचा हॉइट ओरडला, "ऑर्व्हल, काय मळलंयस रे हे? वासाने मासे डोंगर चढतील!"

"तुझे मोजे सोसतात ते. माझं पीठ काय चीज आहे!"

सगळे हसले. हॉइटची नजर मोकळ्या जागेवर गेली. "ही जागा आता दे बाबा कुणालातरी. तुझा पोरगा वरच्या डोहांवर असतो."

"कोण?"

"रॉयस. गळाला पिसांच्या खोट्या माशा बांधून फेकत असतो. मागच्या साली पण होता. तुला माहीत नाही?"

भोंगा वाजला, सगळ्यांचे गळ पाण्यात पडले, ऑर्व्हलचा पडला नाही. वरच्या डोहांवर फक्त पिसांची माशी चालते, पीठ खिशात सापडलं तरी दंड. त्याने पिठाचा डबा हॉइटजवळ ठेवला, वाळूने हात घासघासून धुतले आणि मला म्हणाला, "येतोस?"

रॉयस कमरेइतक्या पाण्यात उभा होता.

"रॉयस," ऑर्व्हल काठावरून म्हणाला.

त्याने मागे पाहिलं नाही. "इथे पीठ चालत नाही, डॅडी."

"नाहीये माझ्याकडे. खाली ठेवून आलो."

"हातांना वास आहे."

ऑर्व्हलने हात खिशात घातले. "खाली तुझी जागा राखलीय मी."

"माहितीय. दर वर्षी पुलावरून दिसते."

"मग?"

"मग काय?"

तेवढ्यात रॉयसच्या गळाला ओढ बसली. मासा चांगला हातभर होता. रॉयसने त्याला पाण्यातच धरून गळ काढला आणि सोडून दिला.

"सोडलास?" ऑर्व्हल म्हणाला.

"मी एकही घरी नेत नाही." आता त्याने बापाकडे पाहिलं. "तुम्ही जा. हॉइट तुमची जागा घेईल."

आम्ही परत निघालो. पुलावर ऑर्व्हल थांबला आणि कठड्याला टेकला. खाली माणसांची रांग होती, आणि मधे तीन माणसांची फट. हॉइटने ती अजून घेतली नव्हती.

"वाळलाय ना तो?" त्याने विचारलं.

"थोडासा."

"आणि इथून मी दिसतो त्याला?"

"दिसत असशील."



"एकदा हाक तरी मारायची," तो म्हणाला. "मी वर बघितलं असतं."

त्या हंगामात तो पुन्हा ओढ्यावर आला नाही. पुढच्या हंगामापर्यंत उरलाच नाही.