वन्संचं विमान

वन्सं गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी त्यांच्याच मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होते. शिवण अर्धीच राहिली... मुंबईचे नातेवाईक वीर स्टेशनला उतरून रिक्षाने आले, रडले, आणि तेराव्याच्या पंगतीत एकजण म्हणाले, "बाई गुणी, पण शेवटी जरा पोरखेळच केला." हातात वाढायचं भांडं होतं म्हणून पुढच्या पानाकडे गेले. आता बोलते.

कुसुम माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, महाडच्या बाजारात ब्लाउज शिवण्यात जन्म गेला. रद्दीतल्या एका मासिकात त्यांना खेळण्यातल्या विमानाचा आराखडा सापडला, तळहाताएवढा. "एवढंसं काय करायचंय गो सुमन? असं करू," म्हणत त्यांनी दोन्ही हात पसरले. पण ब्लाउजचं माप वाढवावं तसं त्यांनी कागदाभोवती सगळीकडून सारखंच वाढवून कापलं. विमानाचं पोट सुटलं, पंख आखूडच राहिले. उडवलं तर नाक खुपसून पडलं, आणि बाजारभर हशा झाला. आमचे हे वैतागले, "ताय, लोक हसतात." त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "हसूंदेत रे. हसल्यानं कुणाचा पाय मोडत नाय."

मग एक दिवस त्यांनी मोठ्या चौकड्यांची लुंगी जमिनीवर पसरली. आराखड्यावर पट्टीने बारीक चौकटी आखल्या. लहान चौकटीत रेघ जिथून जाते, तिथूनच ती लुंगीवरच्या मोठ्या चौकडीत खडूने न्यायची. सगळं विमान असं एकेका घरातून मोठं झालं. बांबूच्या कामट्या तासल्या, वर पतंगाचा कागद चढवला. तोवर हृदयाचं दुखणं निघालं होतं आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. मी ओरडले की म्हणायच्या, "झोपायचं हायच की पुढं. आधी हे उडूंदे." मला त्यांचा राग यायचा, आणि दुसऱ्या मिनिटाला मीच खळ शिजवून द्यायची.

विमान झालं, पण खोलीबाहेर निघेना! दार बुटकं, बाहेर लगेच बोळ. हात पसरलेलं माणूस त्या दारातून जात नाही, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. हे म्हणाले, "पंख कापू, बाहेर जोडू."

"पंखाला हात लावशील तर बघ! खिडकीचे गज काप."

ह्यांनी पुटपुटत गज कापले. विमान रुंद खिडकीतून अंगणात आलं. वन्संना रिक्षात घालून गावामागच्या माळावर नेलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या हातांनी सोडलं. ते थोडं खाली गेलं... मग सावरलं, ओढा ओलांडून पलीकडच्या शेतात अलगद टेकलं. माळावर बघ्यांची गर्दी होती. वन्सं बघ्यांकडे वळून एवढंच म्हणाल्या, "आता हसा."

याला कुणी पोरखेळ म्हणत असेल तर खुशाल म्हणावं. सगळा जन्म दुसऱ्यांच्या मापाचं शिवणाऱ्या बाईने एक गोष्ट स्वतःच्या हातांच्या मापाची केली आणि ती उडवून दाखवली. मला त्यांचा अभिमान वाटतो.

विमान त्यांच्या खोलीत आढ्याला टांगलंय. परवा ह्यांनी नवे गज बसवायला वेल्डर आणला. माकडं शिरतात म्हणे. शिरतात, खरंय, गेल्याच आठवड्यात भाकऱ्यांची टोपली नेली. मी वेल्डरला चहा पाजला आणि परत पाठवलं.

भाकऱ्या पुन्हा भाजता येतात. विमान दाराने निघत नाही.