समुद्राले निम्मं मीठ

निर्मलाबद्दल अड्याळात कोणालेही विचारा, तो म्हणते, "देवमाणूस हाये जी." मले विचारा ना! ती माही धाकटी जाऊ. एका अंगणात, दोन चुलींवर, तेवीस वर्षं काढली मी तिच्यासंगं. मी सत्यभामा, यादोरावांची मोठी सून. तिचा हेवा करण्यात माहं अर्धं आयुष्य गेलं, हे मी आता लपवत नाही.

ती नवरी होऊन आली तवा सातवी पास होती. माही शाळा दुसरीतच सुटलेली. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, पत्र आलं की तिले हाक मारत, अन् चहा पाहिजे असला की मले. धानाच्या रोवण्यात ती साऱ्यात मागं राहे, तर बांधीच्या चिखलात बाया हात थांबवून तिची वाट पाहत. मी साऱ्यात पुढं. पुढं असणाऱ्यासाठी कोण थांबते? रूप नाही, चपळाई नाही, हाताले धड चव नाही, तरी सारं गाव निर्मला निर्मला करून राहिलं!

एक गोष्ट मात्र माही होती. माह्या हातचं लिंबाचं लोणचं तीन-तीन वर्षं टिके. कोणाच्या घरी बाळंतीण असो, तापातून उठलेला असो, वाटी घेऊन माणूस माह्याच दारात येई. निर्मलाच्या बरणीले दरसाल बुरशी. देवानं तेवढा एक न्याय केला होता.

एक्याऐंशीची दिवाळी झाली अन् तिचा भाऊ भोजराज आला. तो नेव्हीत स्वयंपाकी. पाच साहेब शिडाच्या जहाजातून मुंबईहून मॉरिशसले जाणार होते अन् रांधायले याले नेणार होते. जहाज केवढं? तर आपल्या दोन बैलबंड्या एकामागं एक उभ्या केल्या, तेवढं. त्यात बर्फाची पेटी नाही की काही नाही. जायचं-यायचं धरून तीन महिन्यांचं खाणं इथूनच भरून न्यायचं होतं.

"मुंबईत सारं मिळते," तो मामाजींले म्हणला, "पण तिथला तांदूळ दमट हवेत लवकर किडते. आपला उसना, उकडल्या धानाचा तांदूळच न्यावा म्हणतो. अन् बाकीचं माह्या बहिणीच्या हातचं."

बहिणीच्या हातचं! मी चुलीपाशी बसली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मंग काय विचारता, पंधरा दिवस आमचं अंगण म्हणजे लग्नघर. धान उकडून, वाळवून गिरणीतून आणलं. सातूचं पीठ दळलं, पोहे झाले, कोहळ्याच्या वड्या, मुगाचे सांडगे खाटांवर वाळू लागले. गल्लीतल्या बाया न बोलावता आल्या. रत्नाबाईनं तर घरचा नवा गूळ आणून दिला. बाजारातला डबे सांधणारा बाबूलाल, जो कधी कोणाच्या घरी पाय ठेवत नाही, तो शेगडी घेऊन अंगणात बसला अन् तेलाच्या रिकाम्या डब्यांत सामान भरून एकेकाचं तोंड झाळून बंद करू लागला. समुद्राचं पाणी आत शिरू नये म्हणून. जो तो निर्मलाले विचारे, "हे किती घेऊ वं? ते कुठं ठेवू वं?" माह्या लेकराच्या बारशाले एवढी माणसं नव्हती.

मीही काम करून राहिली होती, नाही असं नाही. पण मनात एकच. लोणच्याचं तरी मले विचारतील. वड्या काय कोणीही घालते. तीन महिने टिकणारं लोणचं गावात एकच बाई घालते. आज सांगतील, उद्या सांगतील. मी सांगायची वाट पाहत राहिली अन् एका दुपारी पाहते तं काय, निर्मला ओट्यावर लिंबाची टोपली घेऊन फोडी करत बसली! दीडशे-दोनशे लिंबं असतील. खरंच सांगते, रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी तीच माह्या चुलीपाशी आली. हात लिंबानं भरलेले.

"बाई, मीठ कसं धरू? माहं दरसाल बिघडते. तुमच्यासारखं टिकलं पाहिजे यंदा."

आता सांगा, मलेच लोणचं घाल म्हणाले असते तर काय झालं असतं? तिनं विचारलंही असतं कदाचित, पण मी पंधरा दिवस तोंड एवढं फुगवून होती की तिची हिंमत झाली नसन. हे मले आज समजते. तवा मले फक्त तिचे ते हात दिसले, माह्या लोणच्यात घातलेले.

चार लिंबांमागं मूठभर मीठ, हे माहं माप. मी म्हणली, "आठांमागं मूठभर धर."

"एवढं कमी?"

"अवं, समुद्रावरची हवाच खारट असते म्हणतात. खाऱ्या हवेत पुरं मीठ टाकलं तर तोंडात धरवणार नाही. समुद्राले निम्मंच लागते."

समुद्र मी पाहिला नव्हता, तिनंही नव्हता. तिले पटलं. म्हणली, "पाहा बाई, हे माह्या ध्यानातच आलं नसतं." अन् गेली. मले वाटलं, आता फसफसलं की सारे म्हणतील, निर्मलाच्या हाताले गुण नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवली.

निघायच्या दिवशी तिन्ही बरण्या मेण लावून धानाच्या तणसात गुंडाळून ठेवल्या होत्या. बाबूलाल लाल रंगानं डब्यांवर नावं घालत होता: तांदूळ, पोहे, वडी. बरणीपाशी आला तशी निर्मला म्हणली, "यावर सत्यभामाबाई लिहा. हात माहा, पण माप त्यायचं आहे."

लिहिलं त्यानं. तिन्ही बरण्यांवर.

तेवढ्यात भोजराज माह्या पाया पडला अन् म्हणला, "ताई, बाकी सारं सरलं तरी भागते. पण हिरवं काही नसलं की समुद्रावर माणसाच्या हिरड्या सुजतात, रक्त येते. हे लिंबाचंच औषध. तुमचं नाव पाहिलं अन् माही चिंता गेली."

तवा बोलायचं होतं. "थांब रे बाबू, मीठ कमी आहे" एवढंच तर म्हणायचं होतं. घरात मीठ होतं, वेळ होता, बैलं अजून जुंपली नव्हती. पण सारे उभे होते, मामाजी, आमचे हे, गल्ली. मी म्हणली, "सांभाळून जा." बंडी वरठीच्या टेशनकडं निघून गेली.

तीन महिने माह्या जीवाले चैन नव्हतं. भाकर खाताना दात दुखले तरी मले त्या साहेबांच्या हिरड्या आठवत. देवाले म्हणे, त्या माणसांले काही होऊ देऊ नको. अन् त्याच तोंडानं म्हणे, माहं नाव बुडू देऊ नको.

फाल्गुनात पत्र आलं. मामाजी खाटेवर, आम्ही सारे खाली. निर्मला वाचू लागली. सारे सुखरूप परत मुंबईले पोचले. तांदळाले एक किडा नाही. सांडगे साहेबांनी कच्चेच खाल्ले. सारे हसले. मंग ती घडीभर थांबली, पान उलटवलं अन् म्हणली, "मोठ्या ताईचं लोणचं शेवटपर्यंत पुरलं. कोणाच्याच हिरड्या सुजल्या नाहीत."

मामाजी माह्याकडं वळून म्हणले, "वा! घराण्याचं नाव काढलं मोठ्या सुनेनं." लगीन होऊन आली तवापासून पहिल्यांदा. अन् ते ऐकून माह्या डोक्यात जे पेटलं! इथंही हीच? मले मान मिळाला तोही हिनं वाढलेला?

"खोटं वाचून राहिली तू!" मी ओरडली. "निम्म्या मिठात लिंबू टिकते काय? मीच सांगितलं होतं तुले कमी माप, मुद्दाम!"

मामाजी हळूच म्हणले, "खरं काय लिहिलं हाये, सुनबाई?"

निर्मलानं मान खाली घालून वाचलं. बाविसाव्या दिवशी तिन्ही बरण्या फसफसल्या, समुद्रात टाकल्या. एका साहेबाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं, पण बंदर लागलं, ताजी लिंबं भेटली, तो बरा आहे. तिनं पत्राची घडी घातली अन् मले म्हणली, "मी नव्हतं वाचलं ना, बाई. मंग तुम्ही कायले सांगितलं?"

मी मान वर केली. वाटलं, आता सारे मले शिव्या घालतील, थुंकतील माह्यावर. पण कोणी माह्याकडं पाहूनच नव्हतं राहिलं. मामाजी, आमचे हे, दारात उभी राहिलेली रत्नाबाई, साऱ्यांचे डोळे भरून आलेले, अन् सारे तिच्याकडं पाहत होते. एवढं मोठं पाप मी भर अंगणात कबूल केलं, तरी लोकांनी पाहायचं ते निर्मलाकडंच.