गरम पाण्यातले पाहुणे

कुठेही निघायचे झाले की अण्णा आधी उजवा तळवा पोटावर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "थांबा, आतनं काय हुकूम येतोय बघू." हुकूम बहुधा मागे फिरण्याचाच येई.

विश्रामबागेतल्या आमच्या महाविद्यालयात ते मुख्य लिपिक होते आणि मी ग्रंथपाल. कोणत्याही बैठकीत दाराजवळची खुर्ची त्यांची. सांगली ते तासगाव रस्त्यावरची सर्व स्वच्छतागृहे त्यांना तोंडपाठ होती. त्यापलीकडचे जग त्यांनी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. तुमच्याही कचेरीत असे एक पोट असेलच, ज्याच्याविषयी मालकापेक्षा इतरांनाच अधिक कळते. आमच्याकडे ओवा, हिंग आणि बेलफळ असे तीन पक्ष होते. कॅशियर शिंदेबाई कोणत्याच पक्षात नव्हत्या. त्या एवढेच म्हणत, "अण्णा, मस्टरवर तुमच्या पोटाचीबी सही घ्या. तुमच्यापेक्षा तेच जास्त हिंडतंय."

सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्या. आतडे उत्तम आहे, फक्त चिडके आहे, असे सांगून डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. "काहींना उतार पडतो, काहींना नाही. महिनाभर घेऊन बघा." इतका प्रामाणिक माणूस आमच्या कचेरीत टिकला नसता.

महिन्याभराने आटपाडीला भाचीचे लग्न होते. मंगलाष्टके चालू असताना मामाने नवरीच्या पाठीशी उभे राहायचे, आणि मामा हे एकटेच. "आवं सर, मधूनच मांडवाबाहेर पळालो तर? पोरीला जल्मभर ऐकावं लागंल."

पण अण्णा जैन. सूर्यास्तानंतर न जेवणारे, पाणी गाळून, उकळून पिणारे. पुडीत कोट्यवधी जिवंत जिवाणू आहेत हे कळल्यावर ते हादरले. "मुंगी दिसली तर मी वाट बदलतो, आन् ह्ये एवढं जीव गिळू?" दोन दिवस पुडी टेबलावर तशीच पडून राहिली. शेवटी डॉक्टरांनी फोनवर समजावले की त्यांना मारायचे नाही, पोटात नांदवायचे आहे. अण्णांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून जिवाणूंचे पाहुणे झाले. रोज अकराला ते थर्मास उघडत आणि जाहीर करीत, "चला, पाहुण्यांना आत घेतो."

आणि गुण आला. तिसऱ्या आठवड्यात अण्णा बैठकीत चक्क मधल्या खुर्चीवर बसले. ओव्याच्या पक्षाला ते फार लागले.

छापलेले काहीही दिसले की वाचायचे, हे माझे व्यसन. लग्नाच्या दोन दिवस आधी रिकामी पुडी माझ्या हाती आली. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की हे गरम पाण्यात मिसळू नये. समोर अण्णा पेल्यातल्या वाफाळत्या पाण्यात चमचा फिरवत होते. गप्प बसण्याची माझी आयुष्यभराची सवय नेमकी त्या क्षणी मला सोडून गेली.

"अण्णा, गरम पाण्यात ते जगत नाहीत."

चमचा थांबला. "म्हंजे पहिल्या दिसापास्नं... सगळं?"

"बहुधा."

"मग मला बरं कशानं वाटलं?"

मी पुडी उलटीपालटी करून पुन्हा वाचली. किंमत आणि मुदत तेवढी सापडली.

अण्णांचा तळवा पोटावर गेला. लग्न तोंडावर, पाहुणे मेलेले, आणि मारणारे आपण. त्यांनी उरलेल्या पुड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "प्रायश्चित्त घेतो, सर. लगीन लागस्तवर उपास. नुस्तं पाणी."

माझ्या विद्वत्तेचा परिणाम पाहण्यासाठी मी सोबत गेलो. एसटीने तासगाव मागे टाकले, तेव्हा मी चोरून अण्णांकडे पाहिले. ते बाहेरच्या द्राक्षबागा पाहत होते. आतून कोणताही हुकूम आला नाही.

आटपाडीत बहीण संतापली. "दादा, माज्या पोरीचं लगीन आन् तू उपाशी? लोकं काय म्हंतील?"

"म्हणू देत गं. आज आत कुणीच न्हाई, तवा पळायचं कारणबी न्हाई."

मंगलाष्टके संपता संपेनात. नवऱ्याच्या एका हौशी आत्याने स्वतः रचलेली चार जादा म्हटली, तीही चाल बदलून. प्रत्येक कडव्याला मीच मांडवाच्या दाराकडे पाहत होतो. अण्णा भाचीच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवून खांबासारखे उभे होते.

पुढे अण्णा निवृत्त होऊन बहिणीच्या गावी राहायला गेले. पोट अधूनमधून चिडते, असे कळते. गुण मेलेल्या पाहुण्यांचा, उपवासाचा की निव्वळ हट्टाचा, यावर आमच्या कचेरीत आता नवे तीन पक्ष आहेत.

मला मात्र तो मांडव आठवतो. शेवटच्या अक्षता पडल्या, नवरा-नवरी पुढे गेली, माणसे पंगतीकडे धावली. अण्णा एकटेच तिथे उभे होते, दोन्ही हात अजून तसेच, भाचीच्या खांद्यांच्या उंचीवर. मी जवळ गेलो, तेव्हा मान न वळवता त्यांनी हळूच विचारले, "झालं न्हवं सर? बसू का आता?"