करवलीच्या हातातला कंगवा

माझ्या डोक्यावर मागच्या बाजूला चाई पडली, तेव्हा आमच्या नवघरच्या घरात सगळ्यांना कारण माहीत होतं. किडा केस खातो, म्हणून लसूण चोळायचा. आईने रोज चोळला. केस आले नाहीत, कातडी मात्र भाजली. त्या फोडांसाठी शेवटी मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "किडाबिडा काही नसतो. रोगाशी लढणाऱ्या तुझ्याच पेशी चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करतायत. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. केस बहुतेक येतील, पण खात्री देता येत नाही." आजाराचं नाव अ‍ॅलोपेशिया अरियाटा. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली, तरी ते मला पुन्हा विचारावं लागलं.

त्यानंतर चुलत बहिणीचं लग्न आलं. करवली मीच, हे लहानपणीच ठरलेलं. हळदीच्या दिवशी नवरीची वेणी करवलीने घालायची, ही आमच्या घरची रीत. मी कंगवा उचलला आणि आत्याने तो काढून घेतला.

"तू नको. नवरीला लागल ते."

"आत्या, ते लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरणीच्या डोक्यावर केस हायेत ना? मग तिला काय कलतंय?"

बायका हसल्या. आई हळूच म्हणाली, "ओढणी घे डोक्यावर, बस तिकडे."

मी सहसा गप्प बसते. त्या दिवशी का कोण जाणे, ओढणी काढून बाजूला ठेवली, केस वर बांधले आणि सगळ्यांकडे पाठ करून बसले. "बघा. हात लावा हवं तर. आई रोज हात लावत होती, तिचा एकही केस गेला नाही. मी तोंड लपवून बसणार नाही."

कोणी हात लावला नाही. नवरी मात्र पाटावरून म्हणाली, "आत्या, कंगवा दे तिला. केस माझे हायेत."

आत्याने कंगवा दिला, अगदी टोकाला धरून. मी वेणी घातली, गजरा माळला.

लग्नाच्या अल्बममध्ये मी ती वेणी घालतानाचा, मागून काढलेला फोटो आहे. त्यात माझी चाई स्पष्ट दिसते. आई म्हणाली, हा काढून टाकू. मी म्हटलं, राहू दे. केस अजून आलेले नाहीत. फोटो आहे तिथेच आहे.