शुक्रवारची चाचणी

शनिवार, ६ ऑक्टोबर २००१, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. शारजा औद्योगिक क्षेत्रातील दोन गोदामांमध्ये मी उभारलेली बिनतारी जोडणी कोलमडली. आदल्याच दिवशी ती निर्दोष चालली होती; सेकंदाला अकरा मेगाबिट हा कमाल वेग लावूनही माहितीचे एकही पाकीट हरवले नव्हते.

आमचे मॅनेजर मूळचे मुंबईचे. त्यांनी घड्याळ पाहिले. "चारला क्लायंट येतोय. तोवर चाललं तर ठीक, नाहीतर खलास. मी केबलवाल्यांना बोलावतो, आणि तू उद्यापासून ऑफिसात कोटेशन टाइप कर."

साइटवरचे ते माझे पहिले स्वतंत्र काम होते.

अँटेना बसवणारे रत्नागिरीचे काका खांबावरून उतरले. "मॅडम, काल जुम्मा, सुट्टी होती. यार्ड रिकामं. आज बघा."

मधल्या यार्डात क्रेन फिरत होती, ट्रेलर लागत होते. चाचणीसाठी शुक्रवारचा आग्रह माझाच: क्रेन बंद असली की काकांना निर्धास्त चढता येते. सोयीपायी मी नेमकी अडचणच मोजमापातून वगळली होती.

आता तीच मोजली. ट्रेलरच्या पत्र्यावरून परतलेल्या लहरी मूळ संदेशात मिसळत होत्या. बहुतेक पाकिटे बिघडत आणि पुन्हा पाठवावी लागत. प्रत्यक्ष हाती येत होते जेमतेम ०.९ मेगाबिट. वाहिनीला पेलवेल त्याहून अधिक वेगाचा हट्ट धरला, की विश्वासार्हता जाते आणि पाठोपाठ वेगही. मी वेग निम्म्यावर आणला.

"अकरा सांगून विकलंय, आणि तू साडेपाच देणार?"

"सर, अकरा खोक्यावर छापलंय. पोहोचत एकही नाही."

"मला शिकवतेस?"

"साहेब, यल्ला, चला, फाइल सोडा," काका म्हणाले. "भांडण मागाहून."

सकाळी अर्ध्यात तुटलेली साठ्याची फाइल तीन मिनिटांच्या आत पलीकडे पोहोचली. मॅनेजरांचा विश्वास बसेना. ट्रेलर बरोबर मध्ये येईपर्यंत ते थांबले आणि स्वतःच्या हाताने तीच फाइल पुन्हा पाठवली. तीही पोहोचली. इतका निर्भेळ आनंद मला कोणत्याही परीक्षेच्या निकालाने दिला नव्हता.

"पुढची साइट अबू धाबीची," ते म्हणाले. "तूच जा. पण चाचणी कामाच्या दिवशी घे."

"तेच लिहितेय, सर."

वहीतली त्या दिवसाची अखेरची नोंद अशी: शनिवार, दुपारी चार, क्लायंट हजर, क्रेन चालू, यार्डात सात ट्रेलर, लावलेला वेग ५.५, प्रत्यक्ष वेग, मेगाबिटमध्ये, ३.१.