खंडेनवमीला आलेली गाडी

झेंडू आणि ग्रीस यांचा वास एकत्र आला की भोसरीतल्या माझ्या गॅरेजमधली ती खंडेनवमी आठवते. जॅक, पाने, हातोडे पुसून पाटावर मांडले होते, हळदकुंकू वाहून झालं होतं, आणि तेवढ्यात दारात ती पिकअप उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी हौसेनं माझ्याकडूनच उंच करून नेलेली, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातलेली. तिचा मालक महाळुंग्याचा, माझ्याच वयाचा. म्हणाला, "भाऊ, वडलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उद्या दवाखान्यातनं सोडणार हायेत. एवढ्या उंच त्यांना चढता न्हाई यायचं. गाडी खाली घ्या, पहिले बारके टायर आणलेत, ते बसवा." दुपारपर्यंत झालं असतं. मी पाटाकडे बोट दाखवलं. "आज हत्याराला हात लावत नाही राव, उद्या दसऱ्याची सुट्टी, परवा या." दसरा उलटल्यावर तो आला तो एकटाच. स्टुलावरून गाडीत चढवताना वडील पडले होते, खुबा मोडला होता. "आता ते अंथरुणातनं उठत न्हाईत," म्हणाला. तरी गाडी खाली घ्यायला सांगितली. मी उंचीसाठी घातलेले ठोकळे काढले, बारके टायर चढवले. त्यानं दार उघडून सीटवर हात ठेवला, उंची बघितली आणि म्हणाला, "एवढ्यावर बसले असते." अजूनही मी खंडेनवमीला हत्यारं मांडतो, पण जॅक आणि एक पाना पूजेत ठेवत नाही. शेजारचे गॅरेजवाले विचारतात तेव्हा विसरलो म्हणून सांगतो.