बटण दाबून तेरवी

त्या मंगळवारी मी चिखलीच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात बसून स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. हसू आलं तर हसा, मी अडवणार नाही. पण गोष्ट माझ्या थोरल्या भावाच्या तेरवीची आहे.

मी एक्सेलमध्ये एक मॅक्रो लिहिला होता. तक्त्यात मीटिंगची तारीख टाकायची, बटण दाबायचं, की ती आपोआप सगळ्यांच्या फोनवरच्या कॅलेंडरमध्ये जाऊन बसायची. प्राचार्य मला 'शास्त्रज्ञ' म्हणायला लागले होते!

तेवढ्यात अमडापूरहून फोन आला. दादा बसल्या जागी गेला.

मातीला सगळे पोचले. एक अक्का, आमची मोठी बहीण, तेवढी राहिली. ती लेकीकडे सुरतला होती.

"भाऊजी, तेरवीचे फोन तुम्ही करा," वहिनी म्हणाल्या. "अन् अक्कांले आधी सांगा. ह्यांचं तोंड नाही पाह्यलं त्यांनी. तेरवीले तरी असू द्या."

"फोन कशाले, वहिनी? एक बटण दाबतो!"

दुःखातही माणसाला मिरवायचं असतं, काय सांगू! मुलीच्या लग्नात जमवलेले पाहुण्यांचे ईमेल होतेच. तारीख टाकली, बटण दाबलं. साखरखेर्ड्यापासून सुरतेपर्यंत तेरवी पोचली.

पहिला फोन डोणगावच्या मामांचा.

"काऊन बे, हे 'स्वीकार' अन् 'नकार' काय विचारून राह्यला? माणूस गेला. मी नकार दाबला तं वापस येईन काय?"

"मामा, ते तुम्ही येणार की नाही, त्याच्यासाठी..."

"तेरवीले असं कोणी विचारते काय बे? येतो ना!"

नकार मात्र त्यांनी आधीच दाबून टाकला होता.

रविवार उजाडला. मांडव पडला, स्वयंपाक झाला, गावचे लोक येऊन बसले. बाहेरगावचा पाहुणा? एक नाही! मामांना फोन लावला.

"कुठं पोचले, मामा?"

"घरीच हाय. तेरवी उद्या ना?"

"उद्या कशी? आज!"

"मंग माह्या फोनात सोमवार काऊन दाखवते?"

मी मॅक्रो उघडून पाहिला. रविवारी मीटिंग लागली की प्राध्यापक बोंब मारतात, म्हणून मीच मॅक्रोला शिकवून ठेवलं होतं: रविवार आला, की सोमवारवर ढकल. त्यानं इमानेइतबारे माझ्या भावाची तेरवी कामकाजाच्या दिवशी नेऊन ठेवली होती!

मामा जीप करून धावले. जवळपासचे बरेचसे पोचले. पण सुरतेहून कोण पोचणार?

"अक्का, कुठं आहेस?"

"लेकीकडंच. रातच्या ट्रॅव्हल्सनं निघून राह्यली. काऊन, काही आणू काय?"

"नाही. ये तू," एवढंच मी म्हणालो.

सोमवारी सकाळी अक्का आली, तेव्हा मांडववाला बांबू उपटत होता. वहिनींसाठी आणलेलं लुगडं तिच्या हातात होतं. तिनं बांबूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं?"

"झालं."

"मी बोटावर मोजलं होतं रे. रविवारच येत होता. म्हटलं, आपलंच चुकलं असन. तू एवढा शिकलेला, तुह्या कम्प्युटरचं कसं चुकन?"

आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. दिवस या वेळी अक्कांनाच विचारा, असं वहिनी काल म्हणाल्या.

मी अजून तिला विचारलेलं नाही.